‘पालक उदासीन’ हा शेरा कोणी लिहिला?

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या कागदावर ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना हा कागद आम्ही कितीतरी वेळा हातात घेतला आहे. मुलाचे नाव, वय, इयत्ता आणि शेवटी कारण. त्या रकान्यात दोन शब्द आम्हाला पुन्हा पुन्हा भेटले : ‘पालक उदासीन’. शेरा लिहिला, सही झाली, फाईल बंद. मूल शाळेबाहेर राहिले आणि दोष आईबापाच्या माथी गेला.

खरे सांगायचे तर आम्हीही यातून सुटलेलो नाही. जयंतीच्या मंचावरून ‘आपल्याच लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असे आम्हीही बोललो आहोत आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. समोर बसलेल्या, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया खाली मान घालून ऐकत होत्या. आज हा लेख त्या शेऱ्याविरुद्ध आहे आणि आमच्या त्या भाषणांविरुद्धही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शाळा चालवणाऱ्यांना पालकांच्या विश्वासाची फिकीर नव्हती, असे आपल्या इतिहासात कधीच घडलेले नाही. फिकीर नेहमीच होती. प्रश्न एवढाच होता की ती कोणत्या पालकांच्या विश्वासाची होती?

धारवाड, १८५६

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. शाळा सरकारी पैशावर चालणारी होती. मुलाची फी देण्याची तयारी होती. तरीही सरकारने अर्ज फेटाळला. कारण काय दिले? या एकाला घेतले तर बाकीची सगळी मुले शाळा सोडून जातील आणि शाळेचा उपयोगच उरणार नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत मांडली, तेव्हा हे प्रकरण त्यांनी मुद्दाम पुढे आणले.

या नकाराकडे नीट पाहा. सरकारने सवर्ण पालकांच्या मनाचा अंदाज घेतला, त्यांच्या नाराजीचे वजन केले आणि त्या वजनाखाली एका मुलाचा हक्क चिरडला. म्हणजे ‘पालकांचा विश्वास’ हा विचार शाळेला १८५६ सालीही ठाऊक होता. त्या मुलाच्या बापालाही काही वाटत असेल, हे मात्र त्या कागदात कुठेच नाही. तो पालकांत मोजलाच गेला नव्हता.

जालन्याशी जोडलेली एक गोष्ट

धारवाडच्या तेरा वर्षे आधी मुंबईत याच्या उलट बाजूचे प्रकरण घडले होते आणि त्याचा धागा थेट आपल्या जालन्यापर्यंत येतो. १८४३ मध्ये मिशनच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले.

सवर्ण पालकाचा शाळेवरचा विश्वास उडाला तेव्हा काय झाले? कोर्ट चालले, वर्तमानपत्रे लिहू लागली, शास्त्री-पंडित बैठका घेऊ लागले. त्या अविश्वासाला कोणी ‘उदासीनता’ म्हटले नाही. त्याला धर्माची चिंता म्हटले गेले. आमच्या आजोबा-पणजोबांनी मात्र ज्या शाळेत मुलाला कोपऱ्यात बसवतात तिथे त्याला पाठवायचे टाळले, तर ते अडाणीपण ठरले. एकाच भावनेची दोन नावे, आणि नाव ठरवणारी जात.

हेच नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यात मिशनचे काम करू लागले. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली. तिथे आलेली कुटुंबे मुख्यतः मांग आणि महार समाजातली होती. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आम्ही लपवत नाही आणि त्याचे गोडवेही गात नाही. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीच लागते. गावकुसाबाहेरच्या माणसाने आपले मूल त्या शाळेच्या हाती दिले, कारण शाळेसोबत त्याला राहायला घर, कसायला जमीन आणि माणूस म्हणून हाक मिळत होती. शाळेने आधी काहीतरी दिले, मग मूल मागितले. गावातली शाळा मात्र आधी मूल मागत होती आणि बदल्यात अपमान देत होती. या दोहोंतला फरक आमच्या माणसांना अक्षरओळख नसतानाही कळला होता. याला उदासीनता म्हणायचे की शहाणपण?

रामजी सुभेदारांचा विश्वास

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव नोंदले गेले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत बाबासाहेबांवर भाषणे होतात. आम्हाला त्या दिवशी रामजी सुभेदार आठवतात, कारण त्या नोंदीमागे एक पालक उभा आहे. ते लष्करात होते. लष्करात शिक्षणाची सक्ती होती, म्हणून ते स्वतः शिकलेले होते आणि शिकवतही होते. शाळा म्हणजे काय, हे त्यांना आतून माहीत होते. म्हणूनच मुलगा वर्गात वेगळ्या तरटावर बसतो, तहान लागली तर शिपायाशिवाय नळाचे पाणीही त्याला मिळत नाही, हे सोसूनही त्यांनी त्याला शाळेत ठेवले. मुलाला पुस्तके मिळावीत म्हणून लेकींचे दागिने गहाण टाकणारा हा बाप होता.

पण रामजींसारखा एक बाप निघतो म्हणून शाळेचा गुन्हा माफ होत नाही. जे बाप लष्करात नव्हते, ज्यांच्याकडे गहाण टाकायला दागिना नव्हता, त्यांनी मुले काढून घेतली. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हिशेबच मांडला होता : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांनी दोष आईबापांवर ढकलला नाही. सरकार शिक्षणावर किती खर्च करते, हे विचारले. आज आपण मात्र त्यांचे नाव घेऊन नेमके उलटे करतो.

दंडाचा रुपया आणि भत्त्याचा रुपया

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता. हा दंड आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच्या पुढची गोष्ट विसरतो. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला आणि शाळेत शिवाशिव पाळण्याला मनाई केली. पालकाला दंड लावणाऱ्या राजाने शिक्षकालाही बांधून घेतले होते. दोन्ही हुकूम एकत्र वाचले तरच शाहू महाराज समजतात.

पुढे १९९२ पासून महाराष्ट्र सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. दंडाचा रुपया होता, भत्त्याचाही रुपयाच झाला. भत्ता हवाच, गरिबाच्या घरात रुपयालाही मोल असते. पण या दोन्ही रुपयांत पालक म्हणजे एकतर धाक दाखवण्याचा माणूस किंवा आमिष दाखवण्याचा माणूस. शाळेत त्याला बसायला जागा आणि बोलायला तोंड मिळाले पाहिजे, हा विचार यात नाही. तो विचार आपल्या मराठवाड्यात एका नावात दडलेला आहे.

मिलिंद हे नाव का?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला प्रदेश निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. खेड्यातल्या मराठी बापाला मुलाच्या पुस्तकातले अक्षर ओळखीचे नव्हते. अशा प्रदेशात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. परिसराचे नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचे नाव मिलिंद. जालन्याकडच्या खेड्यांतूनही भूमिहीनांची पोरे तिथे गेली. कधी तालुक्याच्या पलीकडे न गेलेल्या आईबापांनी ती पाठवली. का पाठवली? बाबासाहेबांचा शब्द होता. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखी माणसे त्या शब्दाला जागत होती. वसतिगृह होते. मुलगा तिथे उपाशी राहणार नाही आणि त्याला कोणी हिणवणार नाही, एवढी खात्री पुरेशी होती.

पण नाव मिलिंद का? मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, भिक्खू नागसेन उत्तर देणारे. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात चर्चेआधी नागसेन एक अट घालतात. तुम्ही पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर चर्चा करू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. मिलिंद अट मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो.

शाळा आणि पालक यांच्यातल्या विश्वासाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला सापडलेली नाही. शिक्षा होणार नाही या खात्रीने प्रश्न विचारता येणे म्हणजे विश्वास. आज गावच्या शाळेत राजाच्या खुर्चीवर मुख्याध्यापक बसलेले असतात. दाखला त्यांच्या हातात, निकाल त्यांच्या हातात, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्या हातात. ‘पोषण आहाराचा तांदूळ किती आला?’ असे विचारले तर आपल्या पोरीला वर्गात त्रास होईल, ही भीती ज्या आईच्या मनात आहे, ती सभेला येत नाही. आली तरी बोलत नाही. मग तिच्या नावापुढे शेरा पडतो.

ही भीती हवेतून आलेली नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, एवढ्याशा मागणीसाठी १९७८ साली मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. आज ज्यांची नातवंडे पहिलीत आहेत त्यांनी ते दिवस पाहिले आहेत. शिक्षणाच्या एका पाटीवरच्या नावासाठी गाव काय करू शकते, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

कायद्यात जागा आहे, सतरंजीवर नाही

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. समितीने कामकाजावर लक्ष ठेवायचे, शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च झाले ते पाहायचे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. कलम २४ ने तर शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले की पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे पालकाला विश्वासात घेणे हा मुख्याध्यापकांचा मोठेपणा नाही, ती त्यांच्यावरची कायदेशीर जबाबदारी आहे.

आणि प्रत्यक्षात? जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही समितीची यादी वाचून दाखवत होतो. एका मजूर बाईचे नाव आले. ती दचकली. ‘म्या कव्हा झाले सदस्य?’ दोन वर्षांपासून ती सदस्य होती. इतिवृत्तावर तिच्या सह्याही होत्या. ‘कागद आला की सही करते, उपस्थिती भत्त्याचा असंल म्हणून,’ ती म्हणाली. अनुसूचित जातीची महिला सदस्य हवी म्हणून तिचे नाव घातले होते, ती स्वतः नको होती. १८५६ च्या कागदात आमचा पालक मोजलाच नव्हता. आजच्या कागदात तो मोजला जातो, पण विचारला जात नाही.

बाहेरच्या जगाकडेही पाहू. अमेरिकेतल्या शिकागो शहरात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांची अवस्था वाईट होती. १९८८ च्या कायद्याने तिथे प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली. अकरापैकी सहा जागा पालकांच्या, आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही परिषदेला. पुढे अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर या अभ्यासकांनी तिथल्या शाळांचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक लिहिले. जिथे परस्पर विश्वास मजबूत होता तिथे वाचन-गणित सुधारण्याची शक्यता जास्त होती. विश्वास कशातून येतो? त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : आदर, आस्था, कामातली हुशारी आणि सचोटी. यात स्नेहसंमेलन नाही, फ्लेक्स नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही.

कोयता निघण्याआधी

जालना जिल्ह्यात या विश्वासाची सगळ्यात कठोर परीक्षा दसऱ्यानंतर होते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. पाच-सहा महिने कोपीत मुक्काम. मुले सोबत गेली तर शाळा सुटली. म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावात आजी-आजोबांकडे राहते आणि जेवणाखाण्याची सोय शाळेत व्यवस्थापन समितीमार्फत होते.

कागदावर सोपे वाटते. पण त्या आईच्या जागी उभे राहून पाहा. आठ वर्षांची पोर मागे ठेवून शेकडो कोस दूर जायचे. ताप आला तर? रात्री वस्तीवर काही झाले तर? मुकादम उचल आधी हातावर ठेवतो. तो पिळून घेतो हे तिला माहीत असते, पण त्याचा व्यवहार समोर दिसतो. शाळा मात्र फक्त ‘ठेवून जा’ म्हणते.

आम्ही एका गावात एक मुख्याध्यापक पाहिले. ते नवरात्रातच संध्याकाळी वस्तीवर आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. चहा घेतला हे मुद्दाम लिहितो, कारण वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी आम्हाला आधी तेच सांगितले. जेवण कोण शिजवणार, किती दिवसांचा पैसा मंजूर आहे आणि किती अजून आलेला नाही, हे त्यांनी न लपवता सांगितले. दर रविवारी संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून मुलांचे आईबापांशी बोलणे करून देईन, असा शब्द दिला आणि पाळला. त्या वर्षी वस्तीवरची बहुतेक मुले मागे राहिली. पालक तेच, गरिबी तीच. बदलले होते ते समोरचे माणूस.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. शाळेच्या अस्तित्वासाठी. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने घेतला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची हालचाल सुरू झाली. ज्यांना परवडते ते पालक विश्वास उडाला की मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. पट घसरतो. मग शाळेला कुलूप लागते आणि मागे उरतात ती आपलीच, ज्यांच्याकडे गाडीचे भाडे नाही.

आता काय करायचे?

मुख्याध्यापकांना आमचे सांगणे आहे. सभा सकाळी अकराला ठेवू नका, त्या वेळी माणसे रोजावर असतात. संध्याकाळी ठेवा, आणि वर्षातून दोनदा तरी वस्तीवर ठेवा. समितीची निवड पालकसभेत उघडपणे करा. इतिवृत्त मोठ्याने वाचून मगच सही किंवा अंगठा घ्या. आलेला तांदूळ आणि अनुदान फळ्यावर लिहा. आहाराची चव आळीपाळीने आमच्याही बायांना घेऊ द्या, चव नोंदवहीत त्यांचेही नाव येऊ द्या. पालकाला फक्त तक्रारीसाठी बोलावू नका, पोरीने पाढा म्हटला तेही सांगायला बोलावा. जातीवरून कोणी हिणवले अशी तक्रार आली तर ती त्याच दिवशी लिहून घ्या. ‘लेकरांचं भांडण’ म्हणून मिटवू नका.

आणि कार्यकर्त्यांनो, आपल्यालाही काम आहे. आपण शाळेत फक्त निवेदन द्यायला आणि जयंतीची परवानगी मागायला जातो. आपल्या गावच्या समितीवर कोण आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि टोळ्या निघण्याचे दिवस जवळजवळ येतात. या वर्षी त्या सुमारास वस्तीतल्या प्रत्येक सदस्य आईला तिची सदस्यत्वाची नोंद वाचून दाखवू. पहिल्या सभेला तिच्या शेजारी बसू. तिच्या जागी बोलू नका, ती बोलेल. विद्यार्थी दिवसाला भाषण देण्याआधी त्या शाळेतली किती मुले फडावर गेली आणि का गेली, याचा हिशेब मुख्याध्यापकांसोबत बसून करू.

त्या रकान्यात यापुढे ‘पालक उदासीन’ लिहिलेले दिसले तर सही करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : साहेब, तुम्ही त्या पालकाच्या घरी किती वेळा गेला होता?

जयभीम!